धोट्यासारखी मूठ

मामा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. ठरवलं पुष्कळदा. एकदा हुबळीच्या स्टँडवर त्यासाठी वही विकत घेतली, मग तिच्याच पानांवर भजी घेऊन खाल्ली. आज बसलोय तेही आठवण दाटून आली म्हणून नाही, खोटं कशाला बोलू. आत्ता मला एका बाईंच्या घरी जायला पाहिजे आणि पाय निघत नाहीत. नुसतं बसून राहवत नाही, म्हणून हात कशाततरी गुंतवलाय.

मी परत सोलापुरात आलोय. एमआयडीसीजवळ पिठाच्या गिरणीवर खोली घेतलीय, खाली चक्की सुरू झाली की कपाटातल्या वाट्या वाजतात. तुमचा धोट्यांचा कारखाना होता तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. नव्या मागांना धोटा लागतच नाही म्हणे, सूत आपलं आपण पलीकडं जातं. मी तिथं उभा राहून उगीच एक कव्हर घेऊन आलो, माझ्या फोनला बसतसुद्धा नाही. ते जाऊ दे. नवी पेठेच्या मागं बंदुका दुरुस्त करायचं एक लायसन्सवालं दुकान आहे, तिथं मी लाकडाचं काम करतो. दस्ते घासायचे, तेल पाजायचं. मालकांना सगळे चाचा म्हणतात. चार महिने झाले. एका जागी चार महिने म्हणजे माझ्या हिशेबानं म्हातारपणच.

गेल्या महिन्यात त्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता शेतातल्या घरात एकट्या राहतात. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं, तळहाताएवढं, जुनं, विलायती. नवऱ्याचं होतं, लायसन्स आता त्यांच्या नावावर आहे. मुठीच्या दोन्ही अंगांच्या काळ्या पट्ट्या तडकलेल्या, एकीचा तर कोपराच गेलेला. असल्या पट्ट्या बाजारात मिळत नाहीत, बनवाव्या लागतात. चाचांनी गोळ्या नाहीत ना ते तीनदा बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं.

बाई म्हणाल्या, "हा बनवणार? शिकलायस किती?"

"आठवी."

"पास?"

मी हातातली कानस पुसायला लागलो. त्या हसल्या. "बरं. मला ते नीट धरता आलं पाहिजे बाळ, एवढंच बघ. बोटं बघ माझी." संधिवातानं बोटं आल्याच्या कांडीसारखी वाकलेली होती.

मग मला तुम्ही आठवलात. कुणा सुताराच्या वाकसाला दांडा करायचा असला की तुम्ही मामींकडून कणकेचा गोळा मागून आणायचात आणि गिऱ्हाइकाला म्हणायचात, दाब. मामी आतून ओरडायच्या, "आज चपात्या कमी पडल्या तर त्या वाकसालाच जेवायला बसवा." तरी द्यायच्या. मी चाचांच्या घरून कणीक आणली, बाईंनी दाबली, बोटांच्या खाचा उमटल्या. पिस्तूल दुकानाबाहेर न्यायचं नाही हा चाचांचा नियम, म्हणून ते तिथंच राहायचं आणि लाकूड तेवढं माझ्याबरोबर ये-जा करायचं. लोखंडाला काजळ लावायचं, वरून लाकडाची पट्टी दाबायची, लाकडावर जिथं काळं उठेल तेवढंच खरवडायचं, परत दाबायची. सहा दिवस. जुना स्क्रू लांब होता, आत गोळ्यांच्या खोक्याला अडायचा, तो कानशीनं घासून आखूड केला. हे सगळं बरोबर केलं मामा. मी इतका वेळ एकाच गोष्टीजवळ बसलो याचं मलाच नवल वाटत होतं.

लाकूड कुठलं ते सांगायचं राहिलं. तुम्ही मला दिलेला शिसमाचा ठोकळा. त्या दिवसाचं सगळं डोळ्यासमोर आहे. मी धोटा घासून आणलेला, तुम्ही पिंजलेल्या कापसाचा बोळा त्याच्यावरून फिरवता आणि टोकाशी एक तंतू अडकतो. तुम्ही तो उजेडाकडं धरता. "हे काय बे? हितं कापूस थांबला. मागावर सूत थांबंल, सूत तुटंल, इणकर तुझ्या आन् माझ्या नावानं बोंबलंल. धोट्यानं कुणाला धरायचं न्हाय, कुणाला अडवायचं न्हाय. परत घास." तीनदा परत पाठवलंत. संध्याकाळी हा ठोकळा हातात दिलात, म्हणालात, कापूस अडकायचा बंद झाला की याचा धोटा कर. आणि पुढच्या आठवड्यात मी न सांगता निघून गेलो, ठोकळा पिशवीत टाकून. उशाला घेतला, दाराला लावला, एकदा त्यानं कुत्रं हाकललं. कापला मात्र नाही.

तो या पट्ट्यांसाठी कापला. आणि तुमच्यासारखाच घासला. कापूस फिरवला, एक तंतू अडकला नाही. मी दुकानात एकटाच हसलो. जुन्या पट्ट्यांवर बारीक चौकटीच्या रेघा होत्या. मला वाटलं नक्षी आहे, साहेबी नखरा. सोडून दिली. चाचा बघून म्हणाले, "क्या रे, काच बनाया क्या? चेहरा दिखरा मेरेकू." बाई परवा येऊन घेऊन गेल्या. त्यांनी हात फिरवला, म्हणाल्या, "रेशीम आहे रे." चाचांनी बजावलं, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या. बाई म्हणाल्या, "आणि चोर आला की त्याला थांब म्हणू? कपाट उघडते म्हणू?"

आज सकाळी मी पिठलं करत होतो. हाताला तेल, कांद्याचं पाणी. आधी नमुना म्हणून केलेली एक पट्टी ओट्यावर पडली होती, तशीच घासलेली. ती बाजूला ठेवायला उचलली आणि साबणासारखी हातातून सटकली, मोरीत जाऊन पडली. परत उचलली, परत सटकली. तेव्हा कळलं. त्या रेघा नक्षी नव्हत्या. मुठीनं हात धरायचा असतो, आणि मी धोटा केला. भरलेलं पिस्तूल, वाकडी बोटं, उन्हानं घामेजलेला हात. ते हातातून निसटेल, बाई ते झेलायला जातील आणि नेमकं बोट कुठं पडेल? हे चित्र सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. पिठलं करपलं.

बाईंचा नंबर चाचांच्या रजिस्टरमध्ये आहे, दुकानाला कुलूप आहे, चाचा गुलबर्ग्याला लग्नाला गेलेत आणि फोन बंद. घर मला माहीत आहे, परवा बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं, मीही माझी गिरणी सांगितली होती. सायकल काढली, अर्ध्या वाटेवर टायरची हवा बघितली, हवा ठीक होती, तरी परत आलो. मनात म्हणतो, काही होणार नाही, ते कपाटातच पडून राहील. मग म्हणतो, तसं असतं तर त्यांनी मूठ कशाला करून घेतली? गेलो की सांगावं लागेल, बाई, मी चुकलो, ते परत द्या. मग चाचा हाकलतील. हाकललं तर मला सवय आहे, उलट पिशवी भरायला मी बसलेलाच असतो. पण या खेपेला मला जायचं नाहीये, हे मला आजच समजलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. मामा, तुम्ही असता तर म्हणाला असता, "बस झालं बे लिव्हनं, ऊठ." उठतो. एवढी ओळ झाली की उठतो.

खाली रिक्षा थांबली म्हणून खिडकीतून डोकावलो. बाई आहेत. गिरणीवाल्याला विचारतायत, बंदुकीच्या दुकानातला पोरगा कुठं राहतो. मी आधी त्यांचे हात बघितले. दोन्ही धड आहेत. एका हातात पर्स आहे, छातीशी घट्ट धरलेली. गिरणीवाल्यानं वर बोट केलंय.

आणि मामा, हात बघून झाल्यावर मी दुसरं काय बघितलं ते तुम्हालाच सांगतो. मागच्या बाजूनं उतरायला जिना आहे का ते बघितलं. नाही. एकच जिना आहे, आणि त्याच्यावर त्यांची पावलं वाजतायत.