सव्वीस फेकी, पाच दौडी

हार्लन फेरी, पेनसिल्व्हेनिया
१४ नोव्हेंबर १९८३

चि. एमिल यास,

आत्याचा आशीर्वाद. तो दरवेळचाच आहे; पत्र दरवेळचे नाही.

मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. कालचा फुटबॉलचा सामना प्रतिस्पर्ध्यांनी जिंकला नाही; आक्रमणाचे डाव सांगणाऱ्या माणसाने, म्हणजे तू, तो घालवलास.

मध्यंतराला तुम्ही सतरा-सात असे पुढे होता. तोवर चेंडू घेऊन दौडण्याचे अठरा डाव झाले, फेकीचे चौदा. दर दौडीला सरासरी पाच यार्ड मिळत होते, आणि उजवीकडून, वाट मोकळी करणाऱ्या त्या थोराड ऑसगुडच्या पाठीमागून, त्याहूनही अधिक. दौडीच्या धाकाने बचाव पुढे येतो, आणि तो पुढे आला की त्याच्या मागे फेकीला जागा होते. एक दुसऱ्याच्या जिवावर चालते, हे तुझ्या बापाने शाळेच्या पोरांनाही शिकवले होते. उत्तरार्धात तुझ्या सव्वीस फेकी, पाच दौडी. बचाव निवांत मागे उभा राहिला आणि तुमच्या तीन फेकी त्यानेच झेलल्या. वीस-सतराने हरलात.

तुझ्या बापाच्या, योसेफच्या, सामन्यांचे तक्ते मी बावीस वर्षे पेन्सिलीने भरले, आणि चौतीस वर्षे शाळेत वादविवाद शिकवला. त्यामुळे आकडा आणि अनुमान यांतला फरक मला कळतो. चर्चच्या तळघरात सारणाच्या पिरोगी वळताना मिसेस यांचिक विचारत होती की तुमच्या एमिलला दौडीची ॲलर्जी आहे का. तक्ता आणि युक्तिवाद गावच्या वृत्तपत्राकडेही धाडला आहे, माझ्या नावानिशी.

लोभ आहे तसाच राहील, मतही.
तुझी ओटीलिया आत्या


१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,

नमस्कार. तब्येत विचारणार होतो, पण वृत्तपत्रावरून ती ठणठणीत दिसते.

तुझा तक्ता बुधवारी अर्धे पान भरून आला. गुरुवारी शहरातल्या मोठ्या पेपराने उचलला, वर मथळा, की हुडाकची सख्खी आत्यासुद्धा त्याच्या बाजूला नाही. शुक्रवारी मुख्य प्रशिक्षकांनी तो बैठकीच्या खोलीत भिंतीला टाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाले की हुडाकांच्या घरची अक्कल बायकांच्या वाट्याला गेलेली दिसते, तेव्हा रविवारच्या सामन्यापासून डाव ते स्वतः सांगतील. अकरा वर्षे मी या कामासाठी झिजलो, आत्या. ते एका पेन्सिलीने गेले.

तक्ता अचूक आहे. अनुमान चूक आहे. का, ते सांगता येत नाही, कारण गोष्ट माझ्या एकट्याची नाही आणि तुला सांगितलेले छापून येते.

राग कमी झाला की पुन्हा लिहीन.
एमिल


२२ नोव्हेंबर

चि. एमिल यास,

आशीर्वाद. तुझे पत्र तीनदा वाचले. त्यात संताप आहे, प्रतिवाद नाही. जे कारण सांगता येत नाही ते वादात धरले जात नाही. हे तू माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसून शिकलास. तक्त्यातली एक तरी नोंद खोटी ठरव, मी जाहीर माघार घेईन.

दरम्यान रविवारी चौतीस दौडी झाल्या, पैकी एकोणीस उजवीकडून, आणि तुमचा संघ जिंकला. मिसेस यांचिकने मला चर्चच्या दारात मिठी मारली. तुझे काम गेले याचे मला दुःख आहे. पण दुःख हा मुद्दा नव्हे.

मायेने, आणि तरीही ठामपणे,
आत्या


२९ नोव्हेंबर

आत्या,

रविवारी ऑसगुडला स्ट्रेचरवरून नेताना तू पाहिलेच असेल. पायाची हाडे दोन ठिकाणी मोडली आहेत. डॉक्टर म्हणाले की चालेल, खेळणार नाही. आता लपवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा वाच.

तू तक्ता केलास त्या सामन्यात मध्यंतराआधीच्या शेवटच्या दौडीत त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा फाटला. टाच रोवून, मागे सरकत तो समोरच्याला थोपवू शकत होता. म्हणजे फेक चालत होती. बोटांवर जोर देऊन पुढे रेटणे त्याला जमत नव्हते. म्हणजे उजवी दौड संपली. डावीकडे त्यांचा सर्वांत जबर गडी होता. हे प्रतिस्पर्ध्यांना कळले असते तर त्यांनी त्या अंगठ्यावरच हल्ला चढवला असता. त्याचा हा शेवटचा हंगाम. त्याने मला विनवले की सर, मला माझ्या पायांनी मैदानाबाहेर जाऊ द्या, कुणाला बोलू नका.

उत्तरार्धात मी तेरा दौडी सांगितल्या होत्या. तेरा, आत्या. ऑसगुडसमोर दोन गडी उभे दिसले की डाव बदल, अशी मुभा मी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक लिंडेलला दिली होती. मुख्य प्रशिक्षकांची अशा मुभेला सक्त मनाई असते. लिंडेलने आठ दौडी जागच्या जागी फेकीत बदलल्या. त्याचे नाव बाहेर आले असते तर त्याची जागा गेली असती. म्हणून दोष मी घेतला.

मग भिंतीवर तुझा तक्ता लागला, आणि दोन रविवार त्या मोडक्या पायामागून चेंडू धाडला गेला. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याचे उत्तर मी देईन. हंगाम संपताच मला जायला सांगितले आहे.

तुझ्या तक्त्यात एकही नोंद खोटी नाही. जप.
एमिल


हार्लन फेरी
३ डिसेंबर

चि. एमिल यास,

आशीर्वाद देण्याचा अधिकार मला आज उरला आहे की नाही, ते तू ठरव.

काल रुग्णालयात ऑसगुडला फोन केला. नाव सांगितले. तो शांतपणे म्हणाला की बाई, तुम्ही चेंडू बघत होता, सगळेच चेंडू बघतात. उत्तरार्धात मी पहिल्या डावापासून लंगडत होतो. मी आणखी काही म्हणण्याआधी त्याने सांगितले की नर्स आली आहे, आणि फोन ठेवला.

खालील निवेदन आज वृत्तपत्राला दिले. लिंडेलचे नाव आणि तू दिलेली मुभा त्यात नाही. संपादक म्हणाले की आत्याबाई, चार ओळींनी भागेल, अर्धे पान कशाला. मी पूर्वीइतकीच जागा मागितली आहे.

‘१६ नोव्हेंबरच्या माझ्या लेखातले सर्व आकडे बरोबर होते. त्यांवरून काढलेले अनुमान चूक होते. मैदानात जे घडले तेच एमिल हुडाक यांनी ठरवले, असे मी गृहीत धरले. ठरवले काय होते, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे होता.

ओटीलिया हुडाक’