लग्नाच्या कॅसेटमधला आईचा आवाज

रविवार, ऑगस्ट २००७
शिरगाव

व्हीसीआर कधीचाच भंगारात गेला, म्हणून उल्हासनगरच्या स्वस्तातल्या दुकानातून माझ्या लग्नाच्या कॅसेटची सीडी करून आणली. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता, मांडवात माइक धरून बुद्धवंदना म्हणताना. पण सीडीत तिचे ओठ हलतात आणि ऐकू येतं सिनेमातलं गाणं! मी दुकानदाराशी भांडले. त्याने कॅसेटच लावून दाखवली. "मॅडम, इसमें भी गाना ही है."

तेव्हा आठवलं. वंदना लांबते, तिथे गाणं टाका, असं शूटिंगवाल्याला मीच सांगितलं होतं. मीच ना?

संध्याकाळी बाबा टीव्हीला चिकटून तिचे ओठ बघत होते. "माझेच कान गेलेत गं. गाण्याच्या मागे असेल ती. आवाज वाढव."

मी वाढवला.