आजचा शब्द

२८ एप्रिल
अकोल्यात आले! मूर्तिजापूरच्या गाडीतून उतरताना बाबांच्या डोक्यावर माझ्या गादीची वळकटी होती आणि हातात आमच्या मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. वांगी कशाला म्हटलं, तर म्हणाले, घरमालकाकडे रिकाम्या हातानं जाते का कोणी! जुन्या शहरात खोली मिळाली आहे. खाली घरमालक, म्हणजे वकील रविकांतकाका आणि शैलाकाकू. वर मी आणि एक खडखडणारा कूलर. गल्लीत उघडणारं दार सगळ्यांचं एकच. परवापासून शाळेत सुट्टीतले वर्ग घ्यायचे. आमच्या घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी. जाताना बाबा काकांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा काकांनी त्यांना मध्येच धरलं आणि म्हणाले, आता ही आमची मुलगी. बाबांचे डोळे भरून आले.

१ मे
या गल्लीत दही सगळ्यांचं एकच आहे. कोणाचं बिघडलं की समोर माणिकबाईंकडे विरजणाला जायचं, त्या आपल्या वाटीत देतात. त्या आणि त्यांचे यजमान शेषराव देवळापाशी हार विकतात. मी विरजण मागितलं तर म्हणाल्या, मास्तरीण झाली न् दही नाही लावता येत? नवऱ्याले काय खडू खाऊ घालशीन? शेषराव ओसरीवर गजरा ओवता ओवता हसत होते. वाटी रिकामी परत करायची नसते म्हणे. मी परत देताना दोन वांगी ठेवून दिली. दिवसा इथे कोणाच्याच दाराची कडी लावलेली नसते. अशा ठिकाणी माणूस चांगलाच होत असेल.

८ मे
सीमेवर लढाई सुरू झाली. इथून किती लांब! पण काकांचा टीव्ही सकाळपासून बंद नाही. अंधार पडला की दिवे घालवायचे, असं गल्लीनंच ठरवलं. वरून हुकूम कोणाचाच नव्हता. गल्लीच्या ग्रुपवर आलं आहे की शत्रूची माणसं ओळखीच्यांच्या आवाजात दार वाजवतात, आवाज आता मशीनवर करता येतो. शैलाकाकू दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होत्या. भीतीला शिस्त लावली तर ती कमी होते, असं मला वाटतं. मी सुचवलं, रोज दुपारी ग्रुपवर एक शब्द टाकू. अंधारात जो तो शब्द सांगेल, त्यालाच दार उघडायचं. सगळ्यांना पटलं. काकांनी माझी पाठ थोपटली. पहिला शब्द मीच दिला, निंबोणी. माणिकबाईंचा फोन साधा, म्हणून त्यांना घरी जाऊन सांगून आले.

११ मे
दुधादह्यात विष कालवतात, असं कोणीतरी ग्रुपवर टाकलं. काकूंनी विरजण मोरीत ओतलं. मी वाद घातला. त्या म्हणाल्या, माणिकबाई वाईट आहेत असं कोण म्हणतंय? पण दिवसभर बाहेर कोणाकोणात वावरतात, आपल्याला काय ठाऊक? दुपारी माणिकबाईंनी ओसरीवरून मला हाक मारली. काहून वं, साऱ्यायचं दही एकदमच चांगलं लागून राहिलं का? मी हसले. त्या हसल्या नाहीत.
काका म्हणाले, तूर्त त्यांना शब्द सांगू नकोस. निवळलं की सांगू. मी मान डोलावली.

१३ मे

दिवे घालवल्यावर थोड्याच वेळात कडी वाजली. माणिकबाईंचा आवाज. शेषरावांना ऊन लागलं, ओसरीवर पडले आहेत, शुद्ध नाही. वकीलसाहेबांची गाडी काढा. मी जिना उतरले. काकांनी कडीवर हात ठेवला आणि आतूनच शब्द विचारला.
त्यांना माहीत नव्हता.
त्या म्हणाल्या, पोरी, मी माणिक. तुले विरजण देल्लं न वं. वांगे देल्ले होते तू. उघड न वं, पोरी.
हे सगळं कोणालाही कळू शकतं, असं काकू कुजबुजल्या.
मी काकांचा हात बाजूला करू शकले असते. त्यांचा हात म्हातारा आहे.
मग पलीकडची कडी वाजली. मग तिच्या पलीकडची. गल्लीच्या टोकापर्यंत, एकेक.

१४ मे
शेषराव गेले.
 आमच्या पायरीवर माणिकबाईंची वाटी पालथी घातलेली आहे. तिला कोणी हात लावत नाही.

१६ मे
ग्रुपवर आता माझ्याबद्दल आहे. ही दुपारी समोर जाऊन काय सांगायची? गावाकडे फोनवर काय बोलते? काकांना विचारायला गेले, त्यांनी टीव्ही मोठा केला. संध्याकाळी ग्रुपमधून काढलं.
आजचा शब्द मला माहीत नाही.
बाबांना फोन केला. न्यायला या म्हटलं. काहून, असं एकदाच विचारलं त्यांनी. उद्या येतो म्हणाले.

१७ मे
बाबांची गाडी उशिरा आहे. अंधार पडायच्या आत यायला हवे होते. फोन लागत नाही. खालच्या दाराला आज कुलूप — किल्ली काकांकडे.

कडी वाजली. बाबांचा आवाज. गीता, म्हणाले. गीते, मी आलो.

मी काकूंचे पाय धरले. माझे बाबा आहेत, तुम्ही पाहिलं आहे त्यांना. आवाज ओळखा. काकू म्हणाल्या, हुबेहूब आहे, म्हणूनच तर.

वर आले. खिडकीतून दिसतं आहे. समोरच्या गच्चीवरून शब्द विचारताहेत. खाली माणसं जमली — हातांत काठ्या. बाबा हात जोडून सांगताहेत — मी देवीदास, गादी घेऊन आलो होतो, वांगे आणले होते — सगळं खरं सांगताहेत —

मी ओरडले, ते माझे बाबा आहेत. खालून एकजण म्हणाला, आधी तू शब्द सांग.

माणिकबाईंचं दार फटीएवढं उघडलं होतं. त्यांनी पाहिलं. मग आतून कडी लागली.

मी जुने शब्द ओरडले, निंबोणी — नाही म्हणे. पळस — नाही. मोगरा. नाही. बाबांचा आवाज आता — बाबा, थांबा, मला आठवतो आहे, मीच तर दिला असता आज, मी दिला असता तर तो शब्द