माळकरी सुभेदारांची बाटली

नागपूर, १२ नोव्हेंबर १९७४, संध्याकाळ

पारशिवनीचे निवृत्त सुभेदार आज आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत आले. गळ्यात तुळशीची माळ आणि पिशवीत लष्करी कँटीनची रम. मी विचारलं, "माळ काढायची राहिली की काय?" हसले नाहीत.

पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि पेन्शन कचेरीतला फौजी बाबू तो बाटली घेऊन देतो. दारूला न शिवणारा हा माणूस इतकी वर्षं बाटली नेत होता. आज ती पुढे करताना हात आखडला. बाबूने दाखला अडवला, आता पेन्शन बंद.

"सांगा शास्त्रीबुवा, मले जिवंत म्हणायले बाटली काहून लागते?"

उपनिषदांत प्राणाची पुष्कळ चर्चा आहे, रमची कुठे वाचलेली नाही.

मी बातमी लिहिली. संपादक वाचून म्हणाले, सैन्याची बदनामी होते, निदान सुभेदारांचं नाव तरी गाळा. बदनामी बाटली मागणारा करतो की छापणारा? सुभेदारांना विचारलं. म्हणाले, "टाका माह्यं नाव. लढाईत लपलो नाही, आता बाबूले भेऊन लपू का?"

बातमी नावासकट खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे दिली आहे. संपादकांना सकाळी अंकातच दिसेल. खाली माझंही नाव घातलंय, म्हणजे जाब विचारायला कोणाला बोलवायचं ते शोधावं लागणार नाही.