महिन्यातून एकदाच, पण वाडीतली

रविवार, संध्याकाळ

आज मान ताठ झाली, आणि तीही यांच्यामुळे. लिहून ठेवतेच.

दुकानातल्या पिंजऱ्यात ती पाय मोडलेली कोंबडी पाहिली, तेव्हापासून मी ब्रॉयलर आणणं सोडलं. शेजारच्या जमीलाचाचींच्या कोंबड्या नारळी-पोफळीच्या वाडीत मोकळ्या फिरतात, त्यांच्याकडूनच घेते. दर दुपटीहून जास्त, म्हणून दर रविवारऐवजी महिन्यातून एकदाच. तीन महिने हे कुरकुरत होते, "एका पगारात हे लाड परवडत न्हाय."

आज नेमकी पनवेलची नणंद मुलांना घेऊन जेवायला आली. कोंबडी एक आणि माणसं सात! बटाटे घातले, वाटण वाढवलं. तरी सुवर्णा पातेल्यात डोकावून म्हणालीच, "वहिनी, एवढंसंच? सांगायचं ना, येताना दोन किलो ब्रॉयलर आणलं असतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला लाज नक्की कशाची वाटली? ती पाय मोडलेली कोंबडी डोळ्यांपुढे आली. मी बोलणार, इतक्यात हेच म्हणाले, "सुवर्णे, आमच्या घरात पिंजऱ्यातली कोंबडी येत न्हाय. कमी खाऊ, पण उन्हात फिरलेली खाऊ. तुझ्या वहिनीनं ठरवलंय, आणि ते बरोबर हाय."

यांनी आपल्या ताटातले दोन्ही तुकडे भाच्यांना दिले आणि नुसत्या रश्श्यात भात कालवला. मग मीही तेच केलं.

सुवर्णानं रस्सा तीनदा घेतला. भाताचं दुसरं पातेलं चढवावं लागलं.