मागे न घेता येणारा आवाज

रोहणा, ता. आर्वी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मयुरीस,

ताईचे आशीर्वाद. योगेंद्ररावांना नमस्कार सांग, आचलला पापा दे. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे जे उरलं आहे ते ठीक आहे. सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे वाचनालयाकडे कोणी फिरकत नाही. दुपारभर मी आणि पंखा. मागच्या कपाटाला पुन्हा वाळवी लागली. तुम्ही लोक तिकडे ग्रंथालयांच्या भविष्याची चर्चा करता, आमचं भविष्य या पावसाळ्यात तळाच्या फळीपर्यंत पोचलं आहे.

तुझा मेसेज मिळाला. त्याला मेसेजनेच उत्तर देता आलं असतं, पण तो नंतर पुसता येतो आणि मला माझा भरवसा नाही. उद्या तुझी दया आली तर पुसून टाकीन. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पाकीट बाहेर काढता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आईचं शेवटचं बोलणं मी दवाखान्यात रेकॉर्ड केलं, हे गंगामावशीने तुला सांगितलं तर. 'ताई, फक्त मला पाठव, दुसऱ्या कोणाला ऐकवू नकोस,' असं तू लिहिलं आहेस. तुला ते मिळेल. त्याआधी थोड्या बातम्या.

ऑगस्टमध्ये तिकडच्या परिषदेत केलेल्या तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाहिला. साडी छान दिसत होती, आईची जांभळी. बोललीसही छान. ज्ञान एका कपाटात कोंडू नये. एका देशात पूर आला, आग लागली, लढाई झाली, तर दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयात त्याची प्रत असावी. पाच देशांतली ग्रंथालयं एकमेकांच्या प्रती सांभाळतात, त्यामुळे तिथे एकदा पोचलेली गोष्ट कोणालाच नष्ट करता येत नाही. हे सांगताना तुझा चेहरा लहानपणी पहिला नंबर आल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग तू पंचफुलाबाईचं गाणं लावलंस.

तुला आठवत असेल, कारण रेकॉर्डर तुझ्या हातात होता. जानेवारीत आपण दोघी तिच्या अंगणात बसलो होतो. तिने गोंडी कहाण्या सांगितल्या, पेरणीची गाणी म्हटली. शेवटी, तिचा निकेश रानडुकरांसाठी लावलेल्या करंटच्या तारेत गेला तेव्हा त्याच्या खाटेपाशी बसून जे तिच्या तोंडून निघालं होतं, ते म्हणून दाखवलं. मग तुझा हात धरून म्हणाली, "हे मी मेल्यावर लावजा बाई. मंग कोणालेई द्या. पण मी हाय तोवर नाई. हे आयकलं का माहा पोरगा पुन्हा मरते." तू मान डोलावलीस. मी पाहिली आहे ती मान.

तुमच्या त्या पाच ग्रंथालयांच्या संग्रहात रेकॉर्डिंग देताना विचारतात, आत्ता खुलं करायचं की मागाहून. मला माहीत आहे, कारण आता तो अर्ज मीही भरला आहे. मागाहून म्हटलं असतं तर भाषणात वाजवता आलं नसतं. तू आत्ता म्हटलंस. व्हिडिओत पहिल्या रांगेतली एक गोरी बाई चष्मा काढून डोळे पुसताना दिसते. त्या वेळी सेवाग्रामच्या दवाखान्यात आईच्या नाकात नळी होती. सभागृहभर माणसं दुसऱ्याच कोणाच्या आईसाठी रडत होती, आणि तू मला मेसेज केलास, 'ताई, सगळे उभे राहिले.'

सप्टेंबरात तो व्हिडिओ गावात पोचला. बाजाराच्या दिवशी पंचफुलाबाई रानातली काटवलं विकायला घेऊन नेहमीच्या जागी बसली होती, समोर विक्कीचं मोबाइलचं दुकान. पोरगं कौतुकानेच धावलं. "आजी, तुमचा आवाज फॉरेनले पोचला," म्हणत त्याने मोठ्या स्पीकरवर लावलं. मी पलीकडे कांदे घेत होते. ती ओरडली नाही, रडली नाही. उठली आणि चालू लागली. काटवलं तिथेच राहिली, संध्याकाळी शेळीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात आली. पायरीवरच बसली.

"बंद कर वं बाई ते."

मी तुमच्या लोकांना पत्र पाठवलं. फार सभ्य उत्तर आलं. ज्याने दिलं त्याने 'काढा' असं लिहून दिलं तरच विचार होईल, आणि तेव्हाही ते फक्त पडद्यावरून निघेल. पाचही ठिकाणच्या प्रती राहतीलच, कारण व्यवस्थाच तशी आहे. मग मी तुला विचारलं. पुन्हा विचारलं. तू लिहिलंस, 'ताई, तू भावनेच्या भरात बोलत आहेस. शंभर वर्षांनी ही भाषा उरली नाही तर लोक त्या गाण्याला दुवा देतील.' शंभर वर्षांनंतरच्या लोकांची तुला किती काळजी. पंचफुलाबाई मात्र आज जिवंत आहे, ही तिची चूक.

ती आता बाजारात येत नाही. नातवंडांशीही गोंडी बोलत नाही, मराठीच बोलते. तू एक भाषा वाचवायला आली होतीस. एका घरातून तर ती घालवलीस.

आता आईचं.

ती जायच्या दोन दिवस आधी सकाळी शुद्धीवर होती. जानेवारीत तू ठेवून गेलेला रेकॉर्डर माझ्याच पिशवीत पडून होता. ती म्हणाली, "ते मशीन लाव. मयुरीसाठी बोलतो मी. तिलेच देजो, दुसऱ्या कोणाले नको." मी लावलं. बराच वेळ बोलली. तू लहानपणी तापात कशी होतीस, तुझ्या लग्नात ती कोणापाशी काय खोटं बोलली, तुझ्यावर तिचा किती जीव आणि किती राग. तू आली नाहीस ते तिला कळत होतं. "काऊन नाई आली वं," असं ती मधेमधे विचारते. ते ऐकताना तुला त्रास होईल.

मी आठ वर्षं तिचं केलं. न्हाऊमाखू घातलं, खाली बसवलं, वर उठवलं. त्या सगळ्या बोलण्यात माझं नाव एकदाही नाही. मी कितीदा ऐकलं म्हणून सांगू, वाटलं सुटलं असेल. सुटलं नाही. संध्याकाळी तिची शुद्ध हरपायला लागली. मी पाय दाबत होते, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आली का माय मयुरी. मले वाटलंच होतं." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मशीन उशाशी चालूच राहिलं होतं, तेही त्यात आहे.

पंधरा दिवसांमागे मी ते पंचफुलाबाईला ऐकवलं आणि काय करणार आहे ते सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने माझं मनगट धरलं. "पोरी, असं करू नोको. ते तुही बहीण हाय. पुसून टाक." मी तिचं ऐकलं नाही. तूही ऐकलं नव्हतंस. चला, आपल्यात काहीतरी सारखं निघालं.

अर्ज तुझ्याच पद्धतीने भरला. वऱ्हाडी बोलीचा नमुना. बोलणारी मंदाबाई, रोहणा. पुढे लिहिलं, मृत्यूपूर्वी धाकट्या मुलीशी केलेलं एकतर्फी संभाषण. मुलीचं नाव काढू का, असं तिकडून विचारलं होतं. मी राहू द्या म्हटलं. आत्ता की मागाहून, याला आत्ता लिहिलं. सोमवारी त्यांचं कळवणं आलं, पाचही ठिकाणी पोचलं आहे. आता पूर येवो की आग लागो. देणारी मी आहे, तेव्हा पडद्यावरून काढायचं तर मला विचारावं लागेल. मी भावनेच्या भरात नाही, याची खात्री बाळग.

म्हणून तुला वेगळं पाठवत नाही. तुझ्याच संग्रहात शोध. आईचं नाव टाकलंस की येईल. आजवर किती जणांनी ऐकलं, तो आकडा खाली दिसतो. आचल मोठी झाली की तिलाही सापडेल, तिला मराठी मात्र शिकव.

दिवाळीला येऊ नकोस. आलीसच तर वाचनालयात ये, घरी नाही. पंचफुलाबाईकडे तर जाऊच नकोस, ती तुला माफ करेल आणि ते मला बघवणार नाही.

प्रकृतीला जप.

तुझी,
आईने शेवटी जिला तुझ्या नावाने हाक मारली ती,
दामिनी