मिशोंच्या मुलाची मुलाखत

१४ ऑक्टोबर, सोमवार
कॉलेजची मेल आली. यंदाही आमच्या भागातल्या अर्जदारांच्या मुलाखती माझ्याकडेच. ॲशबर्न कॉलेजसारखी संस्था इतकी वर्षं एकाच माणसावर विश्वास टाकते, याला काही अर्थ असतो. लोरेनला तसं म्हणालो. ती म्हणाली, इथे ॲशबर्नला शिकलेला दुसरा माणूसच नाही, वॉरन. बायको चाळीस वर्षांनीही नवऱ्याला ओळखत नाही ती अशी.
यंदाचा संकल्प: कमी बोलणे. मुलांना बोलू देणे. आणि मुलाखती पुन्हा लायब्ररीतच, खिडकीजवळच्या जुन्या टेबलावर घेणे.

१९ ऑक्टोबर, शनिवार
लायब्ररीत जाऊन टेबल पाहून आलो. गेली तीन-चार वर्षं मी तिथे बसत नाही, कारण तिथे वारा लागतो. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, अहो, ती खिडकी रंगाने चिकटून बसली आहे, उघडतच नाही, वारा येणार कुठून? म्हटलं, येतो कुठून तरी.
समोरच्या खुर्चीखाली फरशी ओली दिसली. वाकून हात लावला तर कोरडी. चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टरची वेळ घेणे.
मुलाखती डोनटच्या दुकानात घ्याव्या हे बरं. मुलांनाही मोकळं वाटतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
पहिली मुलाखत. ट्रेव्हर गिफर्ड. फार समंजस मुलगा. माझं प्रत्येक म्हणणं त्याला पटत होतं. तासभर ठरलं होतं, दीड तास झाला, तरी उठायचं नाव नाही. म्हणजे मी बोलायचा थांबेपर्यंत उठला नाही.
घरी लोरेनने विचारलं, काय करतो मुलगा? म्हटलं, प्रभावी आहे. कशात? म्हटलं, तपशिलाला काय चाटायचंय, माणूस पारखायचा असतो. ती म्हणाली, पारखलास, पण त्याला तोंड उघडायला दिलंस का? संकल्प पुढच्या मुलाखतीपासून लागू.

३ नोव्हेंबर, रविवार
दुसरं नाव आलं. डेल्फीन मिशो.
मेल पुन्हा पुन्हा वाचली. आडनाव तेच राहिलं.
लोरेनने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, ल्यूसियनची बहीण. जसं काही मला माहीत नाही.
माझ्या मुलाखतीचा आणि त्या प्रकाराचा काही संबंध नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. त्याची मुलाखत झाली चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. तो गोठलेल्या तळ्यावर गेला त्यानंतरच्या फेब्रुवारीत. बर्फावर चालवायची गाडी घेऊन गेला, आणि मधे बर्फ पातळ होता. कॉलेजचं उत्तर येणार होतं मार्चमध्ये. त्याला प्रवेश नक्की मिळाला असता, कारण मी त्याच्याबद्दल उत्तम लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पण उत्तम होतं.
लोरेन म्हणाली, तू त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्येही आला नाहीस तेव्हा. म्हटलं, मला सर्दी होती. ती म्हणाली, नव्हती. इथे नोंदवतो: होती.

४ नोव्हेंबर, सोमवार
ही मुलाखत दुसऱ्या कोणाकडे द्यावी असं कॉलेजला कळवायचं ठरवलं. निःपक्षपातीपणाचा प्रश्न आहे. दुपारी लिहायला बसलो. मग वाटलं, पळून जाणारा माणूस मी नाही. (कॉलेजचं उत्तर आलं, दुसरं कोणी नाही.)

९ नोव्हेंबर, शनिवार
शिकारीचा मोसम. रानात कोणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून या महिन्यात सगळं गाव भडक केशरी टोपी घालून फिरतं. पोस्टात केशरी टोपी, पेट्रोल पंपावर केशरी टोपी, बँकेच्या रांगेत तर सात-आठ.
ल्यूसियन मुलाखतीला आला तेव्हाही तसलीच घालून आला होता. काढायला विसरला. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही.
आज हार्डवेअरच्या दुकानात एक टोपी माझ्या पुढे पुढे चालली होती. उंच, खांदे थोडे पुढे वाकलेले. मी सहज त्या बाजूला गेलो. पाळत ठेवली असं कोणी म्हणू नये. शेवटी वळला तर सत्तरीतला म्हातारा. मला म्हणाला, काय पाहिजे? म्हटलं, खिळे. नको असलेले खिळे घेऊन आलो.
परत येताना मोठ्या वळशाने आलो. तळ्याकाठचा रस्ता गाडीच्या स्प्रिंगांना चांगला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्या डेल्फीन. भावाबद्दल विचारलंच तर सांगावं लागेल. माझी स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी तयारी म्हणून जेवणानंतर शांत बसून आठवायला लागलो.
टोपी आठवली. बूट आठवले, त्यांवरचा बर्फ वितळून खुर्चीखाली थारोळं झालं होतं तेही आठवलं. मोठे, लालसर हात, टेबलावर ठेवलेले. मग त्याचं तोंड उघडतं आणि
पुढे काही नाही. दमलोय. झोप झाली की आठवेल.
लोरेनने विचारलं, काय शिकायचं होतं रे त्याला? म्हटलं, ते गोपनीय असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
काल लिहिलं नाही. आज लिहितो.
डोनटच्या दुकानाला काल नेमकी सुट्टी. दारात ती उभी होती. सतरा वर्षांची, तसेच पुढे वाकलेले खांदे. म्हणाली, मिस्टर पिंकहॅम, लायब्ररी उघडी आहे, तिथे जाऊ या. आणि सरळ आत जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. त्याच खुर्चीवर. मी म्हटलं, इथे वारा लागतो. म्हणाली, मला नाही लागत.
मी पहिला प्रश्न विचारला, ॲशबर्नच का? मुलगी म्हणाली, मला ॲशबर्नला यायचंच नाहीये. माझं बँगरला नर्सिंगचं ठरलंय.
म्हटलं, मग अर्ज का केलास?
अर्ज केला म्हणून तर तुम्ही भेटलात.
म्हटलं, अगं, फोन करायचा होतास.
म्हणाली, आईने केला होता की. दोनदा. तुम्हाला सर्दी होती.
पुढे ती जे म्हणाली ते जसंच्या तसं: तो एक तास तुमच्यासमोर बसला होता. घराबाहेरच्या कोणाशी इतका वेळ तो कधी बसला नसेल. तो काय बोलला, ते मला हवंय.
काही तरी द्यायलाच हवं होतं. मी म्हटलं, त्याला समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा होता. ती ऐकत होती, म्हणून पुढे गेलो. म्हटलं, तुझ्याबद्दल फार बोलला. म्हटलं, वडिलांबद्दल तर इतक्या ओढीने बोलला की बस. वडिलांबरोबर मासे पकडायला जायचो म्हणाला.
ती म्हणाली, आमचे बाबा गेले तेव्हा ल्यूसियन चार वर्षांचा होता. मी तर पोटात होते.
म्हटलं, म्हणजे, इच्छा व्यक्त केली.
मुलगी हसली. वाईट नाही, चांगलं हसली, तेच जास्त अवघड गेलं. म्हणाली, मिस्टर पिंकहॅम, तो काहीच बोलला नाही ना? तुम्हीच बोलत होतात.
मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. वारा येत होता.
ती म्हणाली, माहीत आहे मला. त्या रात्री घरी येऊन त्याने सगळं करून दाखवलं. पुसायचं फडकं मफलरसारखं गळ्यात घातलं, खुर्चीवर रेलला आणि अगदी तुम्हीच झाला. ती तुमची कॉलेजातली शर्यतीची नाव, ती नदीत उलटली ती गोष्ट. आई इतकी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. आमच्या घरात त्यानंतर तसं कोणी हसलं नाही.
म्हटलं, ती गोष्ट विनोदी नाहीये.
म्हणाली, हो, तेच तर.
मग म्हणाली, आई आठवायला बघते पण तिला मधलं आठवत नाही. मी तेरा वर्षांची होते, मला अर्धवट येतं. तुम्ही घरी येऊन सांगाल का एकदा? त्याला सांगितलीत तशी?
म्हटलं, बघतो. गुडघ्याचं जरा चाललंय माझं.

२३ नोव्हेंबर, शनिवार
गुडघा खरंच दुखतोय. तत्त्वाचाही प्रश्न आहे. माणसाच्या आयुष्यातला धैर्याचा प्रसंग असा स्वयंपाकघरात करमणुकीसाठी सांगायचा? उलटलेल्या नावेला धरून मी मार्चच्या बर्फगार पाण्यात किती वेळ होतो! ल्यूसियनला मी ती गोष्ट त्याच दृष्टीने सांगितली होती. संकटात हात सोडायचा नाही. थंड पाण्यात घाबरायचं नसतं, असंही म्हणालो होतो बहुतेक.
ते म्हणालो नसेन. आठवत नाही.
लोरेनला सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली.

२४ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही. रस्त्यावर बर्फ. (फार नव्हता.) ट्रेव्हरबद्दल कॉलेजला लिहायला बसलो. ‘प्रभावी’ लिहिलं आणि थांबलो. उद्या त्याला फोन करून, तो काय करतो ते विचारणे.

१ डिसेंबर, रविवार
मिशोंकडे जाऊन आलो.
त्यांच्या घरी जायला तळ्याकाठचाच रस्ता आहे, दुसरा नाही. तळं गोठायला लागलंय, कडेकडेने. गाडी हळू चालवली. स्प्रिंगांना काही झालं नाही.
मिसेस मिशो लहानखुऱ्या आहेत. रागावतील, विचारतील, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी डुकराचा खिमा भरलेली जाड, गोल पेस्ट्री ओव्हनमधून काढली, मोठा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, आधी खाऊन घ्या, मग सांगा. डेल्फीन ओट्याला टेकून उभी राहिली.
सांगायला लागलो. साधेपणाने, प्रसंगाला शोभेल अशी. चार वाक्यं झाली असतील, मिसेस मिशो म्हणाल्या, नाही हो, असं नाही. तुम्ही आधी घसा खाकरायचात. दोनदा. आणि छातीवर हात.
म्हटलं, मी असं काही करत नाही.
माय-लेकी एकदम म्हणाल्या, करता!
घसा खाकरला. म्हणाल्या, याहून मोठ्याने. छातीवर हात ठेवला. डेल्फीनने पुसायचं फडकं आणून माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, भुवया वर. आणि ‘मी’ म्हणताना थांबायचं. ‘तेव्हा मी’, मग थांबायचं, मग पुढचं.
तसं केलं. नाव सुटली, वल्ही पडली, मिसेस मिशोंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. नाव उलटते तिथे आलो आणि पाण्यात पडायच्या वाक्याला माझा आवाज बंद पडला. खिडकीतून तळं दिसत होतं.
त्या म्हणाल्या, थांबू नका. तो इथे थांबला नव्हता.
मग पडलो पाण्यात. ‘तेव्हा मी’ म्हणालो, थांबलो, भुवया वर केल्या, ‘नाव सोडली नाही!’ आणि त्या हसल्या. टेबल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डेल्फीन जमिनीवरच बसली. जिथे जिथे मी गंभीर असतो नेमक्या तिथे हसत होत्या. हसता हसता मिसेस मिशो म्हणाल्या, हाच. हाच तो! आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला हलावंसं वाटेना. गळ्यातलं फडकंही काढलं नाही. गोष्टीचं तात्पर्य सांगायचं राहिलं होतं, ते राहू दिलं.
निघताना दारात म्हणाल्या, पुढच्या रविवारी याल का? तुम्हाला ते घसा खाकरणं अजून नीट जमत नाही. ल्यूसियन छान करायचा.
घरी लोरेनने विचारलं, कसं झालं? म्हटलं, ठीक. अजून सराव लागेल.